रेघेखालचं पत्र

८ ऑगस्ट १९९४, सोमवार
उद्यान एक्सप्रेस वेळेवर पोचली. चामराजपेटमधली खोली झकास आहे. खाली कॉफी दळण्याचं दुकान, त्यामुळे उशीलासुद्धा कॉफीचा वास. काम सोपं आहे. इथल्या एका धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयात सीरियाक भाषेतलं बारा ओळींचं चर्मपत्र आहे, सहाव्या शतकातल्या ख्रिस्ती साधूचं म्हणे. ते खरं की हल्लीचं बनावट, एवढंच सांगायचं. शनिवारचं परतीचं तिकीट काढलंय. ग्रंथपाल नागोजीअण्णा मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथले. माझं मराठी ऐकून म्हणाले, "पुण्याचं म्हणजे रेडिओच की अक्का! स्वल्प हळू बोला."

९ ऑगस्ट
लिपी उजवीकडून डावीकडे जाते. साधू लिहितो, मठातले सगळे गेले, बोलायला कुणी नाही. जो हे वाचेल त्याने माझ्याजवळ येऊन बसावं. वाचनकक्षात दिवसभर मी एकटीच. नागोजीअण्णा गेल्यावर भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं.

१० ऑगस्ट
चोर सापडला! शेवटच्या तीन ओळींच्या डोक्यावर पुसट रेघ आहे. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची, ही मोडी लिहिणाऱ्याची खोड. माझीही तीच. म्हणजे पत्र बनावट, आणि करणारा चक्क मराठी माणूस. अहवाल लिहून टाकला. नागोजीअण्णांना सांगितलं तर हसले नाहीत. म्हणाले, दोन वर्षांमागे मोडीचे जाणकार सूर्यकांतराव हेच पत्र तपासायला आले होते. अहवाल न देताच कुठे गेले कळलं नाही. छत्री अजून खुंटीला आहे.

११ ऑगस्ट
कपाटात पत्राचा १९९० सालचा फोटो मिळाला. त्यात ओळी नऊच आहेत.
शेवटच्या तीन पुन्हा वाचल्या. 'मी तपासायला आलो. आता जवळ बसलो आहे. अजून जागा आहे.'
अहवाल फाडला.

१२ ऑगस्ट
चर्मपत्रावर तेराव्या ओळीची रेघ. काल नव्हती. खाली अक्षर नाही, नुसती रेघ — नागोजीअण्णांना तीन हाका मारल्या. समोरच बसले होते. मान वर केली नाही. कॉफीवाल्यानेही —

१३ ऑगस्ट
गाडी संध्याकाळी. एकही रिक्षा थांबेना. स्टेशनकडे चालत निघाले, पोचले ती वाचनकक्षात. नागोजीअण्णा माझी छत्री सूर्यकांतरावांच्या छत्रीशेजारी अडकवत होते. मी ओरडले. ते दिवा मालवून गेले.
वहीच्या या पानावर रेघा आधीच आहेत. मी ओढल्या नाहीत. पान जाड लागतंय, चामड्यासारखं. हात उजवीकडून —
मी तपासायला आले. आता जवळ