दहा माशांचे झाले चौदा

ती. मामांना,

कंबर साथ देईल तितकं वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींना म्हणावं, तेल चोळताना मामा कुरकुरतील, लक्ष देऊ नका. मी खुशाल. (म्हणजे जेवतोय. झोपेचं विचारू नका.)

तुमच्या शब्दावर मला या रंगाईच्या कारखान्यात सांडपाणी तपासायला घेतलं, त्याला तीन वर्षं होतील. सांडपाणी शुद्ध करून ओढ्यात सोडायचं, त्याचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यायचा, आणि आजवर ते काम नुसत्या आकड्यांवर भागत होतं. यंदा नियम आला: शुद्ध केलेल्या पाण्यात दहा मासे चार दिवस ठेवा, निदान नऊ जगले तर परवाना. मला नियम आवडला, खोटं कशाला बोलू? माशाला साहेब कोण ते कळत नाही, तो कुणाची भीड धरत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चार मासे उलटे! साहेब म्हणाले, "टाकीत दहा दिसले पाहिजेत. कसे, ते मला सांगू नकोस." मी जाळीने चौघांना बाहेर काढलं. बोटाएवढे जीव हो, एकाचे कल्ले अजून हलत होते. फार वाईट वाटलं, मामा. मग बराच वेळ हात धूत बसलो, आणि परत येऊन, टाकीकडे न बघता, वेगळ्या बादलीत ठेवलेल्या जादा माशांतले चार आत सोडले. (हो, मीच. तुमचाच भाचा.) पण साहेबांचा माझ्या हिमतीवर काडीचा विश्वास नाही. मी हात धुवत होतो तेवढ्यात त्यांनी स्वतःच चार सोडून ठेवले होते! पाणी फिकट जांभळं, मासे सैरावैरा, मोजणार कोण?

मोजणारी दुसऱ्या दिवशी आली. तपासनीस बाईंनी चष्मा पुसून तीनदा मोजले. चौदा! माझी पाचावर धारण बसली. साहेब मात्र हसून म्हणाले, "आमचं पाणी इतकं मानवलं बघा, संसार थाटला त्यांनी!" बाई म्हणाल्या, "चार दिवसांत? आणि पोरं आईबापांएवढी?" मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, की रोजची नोंद लेखी पाठवा, सही तुमची हवी.

तेव्हापासून कोरा कागद समोर आहे. सगळे जगले असं लिहिलं तर परवाना मिळतो आणि नोकरी राहते. चार मेले लिहिलं तर साहेब मला दारात उभं करणार नाहीत, आणि तुमचा शब्द खाली पडेल, याचंच जास्त वाटतं. पण मी टाकीत मासे बदलले. ओढ्यातले कोण बदलणार? तुम्ही म्हणाल तसं करीन. सल्ला कळवावा.

तुमचा,
भाचा

ता. क. सल्ला मागितला खरा, पण नोंद कालच टपालात टाकली. चार मेले, आठ मागून सोडले, त्यातले चार माझ्या हाताने, असं सगळं लिहून सही केली. तुम्हाला विचारल्याशिवाय काही करायची सवय नाही, म्हणून उशिरा का होईना विचारलं.

आणखी एक. साहेब तुम्हाला फोन करतील. भाच्याला समजवा, नोंद चुकून गेली असं त्याच्याकडून लिहून घ्या, म्हणतील. तुम्ही समजावलंत तर मी ऐकेन, मामा, लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून पाया पडतो, या खेपेला समजावू नका.