बारा वाजताची हाक

३ मार्च
आले बाई एकदाची. दक्षिण आफ्रिकेतल्या या कारूच्या माळावर रेडिओ दुर्बिणीच्या चाळीसेक पांढऱ्या तबकड्या आकाश ऐकत बसल्यात, आणि त्यांच्या कानाशी कुणी कुजबुजू नये हे पाहायची नोकरी माझी. इथे मोबाईल बंद, मायक्रोवेव्ह बंद. डिझेलची गाडी घेऊन फिरायचं, कुठे चोरटा सिग्नल आला की गाडीतल्या यंत्राची सुई दाखवेल तिकडे जायचं. मी इथल्याच मेंढपाळाची पोर, म्हणून बोस्मान साहेबांना वाटतं की लोक माझं ऐकतील.

६ मार्च
पहिली चोरी पकडली. कुंपणालगतचे ऊम फ्लूर्स, बापाच्या वयाचे; इथे काकाला ऊम, काकूला तानी म्हणतात. रोज बाराला लांबच्या पवनचक्कीवर मेंढ्यांना पाणी पाजतात आणि वॉकीटॉकीवरून बायकोला, तानी लेयाला, "जिवंत आहे गं म्हातारे" एवढंच सांगतात. मला कॉफी दिली, माझ्या बापाची टिंगल केली आणि दोन्ही यंत्रं निमूट हवाली केली. वर म्हणाले, "तुमच्या ताऱ्यांना माझा आवाज कडू लागतो होय गं पोरी?" बदल्यात ऑफिसकडून पवनचक्कीपाशी तारेचा फोन मिळतो. अर्जावर त्यांची सही घेतली. आठवड्यात बसेल, माझा शब्द, असं मीच सांगून आले.

९ मार्च
जेवताना मटणाच्या चॉपची चरबी अर्जावर सांडली, सहीच फिसकटली. नोकरीला आठवडा झाला नाही, असला कागद साहेबांपुढे न्यायची लाज वाटली. पुढच्या फेरीला नवी सही आणू. तूर्त सीटखाली सरकवलाय.

२१ मार्च
ऊम फ्लूर्स गेले. तीन दिवसांपूर्वी सकाळी पवनचक्कीवरून पडले, माणसं पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आज माती द्यायला गेले होते. तानी लेयाने फोनचं विचारलं. अर्ज ऑफिसात अडकलाय, असं सांगितलं. तिने माझेच हात धरले, "तुझा काय दोष लेकरा," म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज अजून सीटखालीच आहे.

२४ मार्च
बरोबर बाराला सिग्नल, त्यांच्याच वॉकीटॉकीचा. सुई पवनचक्कीकडे. जाऊन पाहिलं, कुणी नाही. दोन्ही यंत्रं माझ्या कपाटात आहेत, बॅटऱ्या काढलेली.

२६ मार्च
आज हेडफोन लावून ऐकलं. "पोरी, फोन आला का?" त्यांचाच आवाज, दमलेला, पण रागाचा नाही. रागाचा असता तर बरं झालं असतं. नोंदवहीत लिहिलं, लांबची वीज. पुन्हा खोटंच.

२८ मार्च
खिडकीतून दारातल्या गाडीतली सुई दिसली. आता ती पवनचक्कीकडे नाही. माझ्या खोलीकडे — मी जेवायला बसले होते तिथे.

२९ मार्च
गाडीतून उतरून दहा पावलं चालले. सुई माझ्यामागे फिरली. तोंड घट्ट दाबून धरलं, तरी —

३० मार्च
साहेब म्हणाले, दुपारी आकाश ऐकूच येत नाही, हा गोंगाट कुठला? माहीत नाही म्हटलं. मान वर करवेना.

३१ मार्च, पावणेबारा
तानी लेयाच्या दारात गाडी लावलीय. डागाचा अर्ज मांडीवर. सगळं सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो. ती कॉफीचा कप घेऊन येतेय — मागे माळावर तबकड्या वळतायत. सगळ्या. माझ्याकडे.

बारा. तोंड उघडलं. आवाज माझा नाही — "जिवंत आहे गं म्हातारे" —

कप पडला. ती धावत येतेय, हात पसरून, हसतेय, त्यांचं नाव घेतेय — मी तिला कसं सांगू की हे — मी —