मुरघासाचा खड्डा

प्रिय दादा,

फोनवर बोलताना आई शेजारी बसलेली असते, म्हणून हे पत्र तुझ्या फौजेतल्या छावणीच्या पत्त्यावर टाकतेय.

यंदाचा मुरघास लई चांगला उतरला. खड्डा उघडला तसा आंबूस-गोड वास सुटला, म्हशी तुटून पडल्या. आई पाटोद्याच्या बाजारात ज्याला-त्याला सांगते. पण तो खड्डा भरला त्या दिवसाचं तुला जे सांगितलं, ते खोटं आहे.

भाद्रपदात आठ दिवस झड लागली होती. मका कापणीला आलेला आणि चिखलामुळे उतारावर ट्रॅक्टर चढेना. उघडीप मिळताच आम्ही डोक्यावर भारे वाहिले, बारीक कुट्टी केली. ती खड्ड्यात तुडवून घट्ट दाबायची आणि लगोलग झाकायची, नाहीतर सगळं सडतं. तुडवायचं काम माझं. माझे पाय भरून आले म्हणून मी संगीतावहिनीला आत उतरवलं. तिला सातवा लागला होता. "उचलायचं काय न्हाई वहिनी, नुसतं चालायचं हाय," मी म्हणाले.

दुपारी पुन्हा आभाळ आलं. वहिनी म्हणाली, कंबरेत कळ येतेय, मला वर घ्या. तिनं हात वर केला. मी त्या हातात शिंपडायच्या गुळपाण्याची बादली दिली.

थोड्या वेळानं ती खालीच बसली. साडी रक्तानं भिजलेली. आम्ही तिला ओढून बांधावर निजवलं. आई म्हणाली, आधी कागद ओढा, पाणी आत जाईल. प्लास्टिक टाकून, कडेनं माती लोटून झाल्यावरच धोंडीरामची जीप बोलावली. तासभर गेला. माती मीही लोटत होते.

वहिनी बांधावरून घसरली, असं आईनं तुला सांगितलं. वहिनी गप्प राहिली, कारण मी तिला धमकावलं होतं: तोंड उघडलंस तर सांगेन, पोर नको म्हणून तूच उडी मारलीस. पोर तिच्या चुकीनं गेलं असं समजून तू रागानं तिला वडवणीला माहेरी धाडलंस.

दिवाळीत आई तुझ्यापुढं सोडचिठ्ठीचे कागद ठेवणार आहे. तेलगावची मुलगी बघून झाली, मीही गेले होते. आईनं तिला एकच विचारलं, शेतातलं जमतं का. दादा, सही करण्याआधी वडवणीला जा. दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये वहिनी शुद्धीवर नव्हती. पोरगा मेलेलाच जन्मला असं तिला वाटतं, कारण मीच तसं सांगितलं. तो माझ्या ओच्यात अर्धा घाट रडत होता. मला तिच्यासमोर हे बोलवत नाही. तू सांग.

अजून तरी तुझीच,
सत्यशीला