पाण्यात उतरण्याआधी

बाळ्या,

मला बहीण म्हणताना तुझी जीभ का अडखळली रे? चर्चमधल्या नवख्यांच्या वर्गात ज्यानं माणूस आणलं त्यानंच ओळख करून द्यायची, ही रीत तूच घातलीस. आणि तूच सगळ्यांपुढे म्हणालास, "या बाई हॉस्पिटलच्या चादरी धुतात." बाई! तुझे लंगोट धुता धुता माझी शाळा सुटली.

सहा रविवार मी तुझं ऐकलं. मसीहा राजा असून त्यानं शिष्यांचे पाय धुतले, देवाच्या राज्यात शेवटचे पहिले होतात, म्हणालास. मला ते पटलं, अजूनही पटतं. त्याच्यावर माझा राग नाही, तुझ्यावर आहे. मसीहाला ओळखत नाही म्हणणाऱ्या शिष्याची गोष्ट सांगताना तुझे डोळे भरले होते. तो निदान जिवाला भ्याला होता. तू कोणाला भ्यालास, त्या दिवशी वर्गात आलेल्या सुटाबुटातल्या पाहुण्यांना?

हे तिसरं पत्र. आधीची दोन धाडवली नाहीत, हेही बहुतेक माझ्या कपड्यांच्या पेटीतच पडून राहील. पण रविवारी माझा बाप्तिस्मा आहे, आणि पाण्यात माझा हात तू धरणार आहेस. मी तुझी कोण, ते शनिवारच्या आत सांग. नाहीतर मी दुसऱ्या कोणाचा हात धरून उतरेन.

तुझी नव्हे, नुसतीच,
ताई