रकाना अकरा

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१५
संकल्प: भरतीत दयामाया बंद. हे औषधांचं गोदाम आहे, धर्मशाळा नाही. व्हॅन ड्रायव्हरच्या एका जागेसाठी बेचाळीस अर्ज आले. त्यातला एक बायकोच्या धाकट्या भावाचा. शिक्षा भोगून आलेला माणूस! सात वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या गाडीखाली एका सायकलवाल्याचा पाय मोडला, त्यात तीन महिने आत होता. तेव्हापासून कुठेही लागला की पोलीस व्हेरिफिकेशन येतं आणि हा घरी. बरोबरच आहे.

४ फेब्रुवारी
बायको म्हणाली, या वेळी तरी त्याला पायावर उभं राहू द्या, तुमच्याच हातात आहे. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. ती ताटं उचलून आत गेली. पटलं असावं.

७ फेब्रुवारी
नवा फॉर्म तयार. एकवीस रकाने, सगळे माझ्या डोक्यातून. अकरावा तर खासच: 'गुन्हा घडला तेव्हा सोबत कोण होते? कोण काय करत होते?' असं खोदून विचारलं की असली माणसं आपोआप पळतात. मॅनेजरसाहेब खूश. भरलेला फॉर्म बंद पाकिटात थेट साहेबांकडे, हा नियमही माझाच.

११ फेब्रुवारी, दुपारी
मेहुणा आला. इस्त्रीचा शर्ट. रिसेप्शनसमोर मला 'भावोजी' म्हणाला. 'साहेब' म्हणायला जीभ झडते का? ड्रायव्हिंगची टेस्ट झाली. फोरमन म्हणतो, बेचाळिसांत असा सावध हात दुसरा नाही, रिव्हर्स घेताना एक खोकं हललं नाही. फोरमनला काय अक्कल! मी सात वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गुडघ्यामुळे.

१२ फेब्रुवारी
साहेबांनी त्याचा फॉर्म तपासायला दिला. रकाना अकरा कोरा! सापडला लेकाचा. लाल पेनानं गोल केला आणि परत पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन. म्हणे, भावोजी, तेवढा कोराच राहू द्या, ताईसाठी म्हणतोय. मी ठणकावलं, खरं ते भर, नाहीतर अर्ज बाद. साहेब समोरच बसले होते. पाठ थोपटली माझी.

१३ फेब्रुवारी
बायकोनं बोलणं टाकलंय. डबा आपटून ठेवते. आता जुनं उगाळण्यात काय अर्थ? माझी तेव्हा नवी नोकरी होती. त्याला कुठे होती? आणि पोलिसांना तो स्वतःहून म्हणाला, गाडी मी चालवत होतो. मी त्याला सांगितलं नव्हतं. मी फक्त गप्प बसलो.

१५ फेब्रुवारी, १०.४०
पाकीट साहेबांकडे गेलं. काही लिहायचा नाही. सात वर्षं तोंड उघडलं नाही, आता काय उघडणार! उद्यापासून पहाटे चालायला जायचं. गुडघ्यासाठी.

१५ फेब्रुवारी, ४.३०
साहेबांनी बोलावलं. फॉर्म माझ्यापुढे सरकवला. रकाना अकरा, एकच ओळ: 'गाडी भावोजी चालवत होते, मी मागच्या सीटवर झोपलो होतो.' अक्षर सुरेख आहे त्याचं. साहेबांनी विचारलं, हे खरं का? मी गुडघ्याबद्दल सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

१७ फेब्रुवारी
चालायला गेलो नाही. साहेबांनी कंपनीच्या वकिलाचा सल्ला घेतला. मेहुण्याची नेमणूक पक्की. कृतघ्न! सात वर्षं त्याला दिवाणखान्यात चहा दिला.

१८ फेब्रुवारी, सकाळी
मी घरीच. साहेबांचा निरोप: तुमचाच फॉर्म तुम्ही भरून आणा, एकही रकाना कोरा चालणार नाही, मग पुढचं बघू. पंधरा मिनिटांचं काम. वीस रकाने झालेसुद्धा. अकराव्याला दीडच ओळ जागा आहे. फॉर्म करताना कुणीतरी लक्षात आणून द्यायला हवं होतं.

खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. बायको भावाचा डबा घेऊन खाली गेली. वर आली आणि माझ्यापुढे दोन कोरे कागद ठेवून गेली. पुरवणीसाठी.