पंचामृताने जाम झालेली येझदी

मी, वैजनाथ अण्णाराव बिराजदार, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार लोहा, जिल्हा नांदेड, सकाळची इष्टलिंगपूजा आटोपून, शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. मला आजार नाही. परंतु दसरा झाल्यावर एका सकाळी मी लातूरला थोरले बंधू वीरण्णा यांच्या ओसरीतून आमचे वडील अप्पा यांची येझदी मोटारसायकल टेम्पोत घालून आणली. तेव्हापासून भाऊबंदांत जे बोलणे चालले आहे, ते माझ्यामागे माझ्या मुलीच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे मृत्युपत्र.

१. लोह्याचे घर पत्नी उज्ज्वला हिचे. तिला तेथून कोणी उठवू नये.

२. शेत पत्नी आणि एकुलती मुलगी रेणुका यांना निम्मे निम्मे. बांधावरच्या चिंचा दरवर्षीप्रमाणे वीरण्णांच्या घरी पोचत्या कराव्यात. भांडण गाडीचे आहे, चिंचांचे नाही.

३. बँकेतली ठेव रेणुकाची. ती लग्नासाठीच आहे असे कोणी धरून चालू नये.

४. येझदी माझ्यानंतर रेणुकाला द्यावी. (हे कलम मी खोडले आहे. कारण शेवटी दिले आहे.)

गाडीचे कागद अप्पांनी हयातीतच माझ्या नावे केले होते. पूजेचा मान थोरल्याचा, म्हणून ती लातूरला राहिली. दर दसऱ्याला वीरण्णा तिला पंचामृताने न्हाऊ घालीत. कार्बोरेटरवरची फिल्टरची डबी केव्हाच हरवलेली, त्यामुळे दूध, मध, साखर सगळे त्या उघड्या तोंडातून इंजिनात गेले. किक खाली जाईना, तेव्हा ते म्हणाले, अप्पा बसलेत गाडीवर, म्हणून हलत नाही.

आम्ही बापलेकींनी इंजिन उघडले. पिस्टन सिलेंडरला चिकटलेला, रिंगा गंजलेल्या, तळाशी मेलेल्या मुंग्या. डिझेलमध्ये भिजवून, लाकडी ठोकळ्याने ठोकत पिस्टन सोडवला. नांदेडहून सिलेंडर आतून कातून, म्हणजे बोअर करून आणला. नव्या पिस्टनवर रिंगा रेणुकाने चढवल्या, एकही न मोडता.

त्याच वेळी वीरण्णा आले. परातीतला जुना पिस्टन पाहून खाली बसले.

“अप्पांच्या हातचा पिस्टन काढलास व्हय? आन् गाडी घराण्याची हाय. ती माझ्या पोराकडं, शिवमकडं जाईल, पोरीकडं न्हाई.”

रेणुका हात पुसत म्हणाली, “काका, शिवमदादाला किक तरी मारता येती का?”

मी एवढेच म्हणालो, “दादा, अप्पांनी ही चालवायला घेतली होती. आंघोळ घालायला न्हाई.”

माझीही देवावर श्रद्धा आहे. दसऱ्याला रेणुकाने गाडीला झेंडूचा हार घालावा, आणि हार घालून ती गावातून फिरवावी.

५. पाने, पुलर, सगळी हत्यारे रेणुकाची. जुना पिस्टन वीरण्णांना, घासूनपुसून. त्याला त्यांनी खुशाल पंचामृत घालावे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

६. मला आमच्या रिवाजाप्रमाणे माती द्यावी. वाद नको.

आता कलम चारविषयी. काल ‘माझ्यानंतर’ हा शब्द लिहिला आणि हात थांबला. माझ्यानंतर म्हणजे पुन्हा ओसरी, पुन्हा पंचाईत. म्हणून आज सकाळी नांदेडच्या आरटीओत सह्या करून गाडी रेणुकाच्या नावे केली. येताना तिने चालवली, मी मागे बसलो. तेव्हा येझदी आता माझ्या मालमत्तेत नाही, आणि या मृत्युपत्रातही नाही.

साक्षीला थोरल्यांचीच सही घेतली आहे, म्हणजे पुढे कोणी शंका काढणार नाही. चिंचांचे आणि पिस्टनचे कलम दोनदा वाचून त्यांनी ती केली.

सही: वैजनाथ अण्णाराव बिराजदार
साक्षीदार: १. वीरण्णा अण्णाराव बिराजदार, लातूर
२. पंढरी कांबळे, शेजारी, लोहा
स्थळ: लोहा. दि. १२ डिसेंबर २०२४