पाठमोरा सावळीराम

नाशिक, ८ सप्टेंबर २०२५

ती. सुलाआत्याच्या चरणी,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू डब्यात जपून ठेवतेस, म्हणून आपला कागदच बरा.

बातमी अशी, की माझं चित्रकथेचं पुस्तक खरंच छापायचं ठरलं. एका प्रकाशकांनी पानं चाळली आणि त्यापेक्षा लहान मुलांसाठी ससे-कोल्हे काढा म्हणाले. मग मी, माझी मैत्रीण संजना आणि मित्र योगेश अशा तिघांनी ठरवलं, आपणच छापू. योगेशच्या काकांचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. तुळशीचं लग्न लागलं की मशीन पत्रिकांना जुंपणार, त्याआधी पानं हातात द्यायची. पुण्यात नोव्हेंबरअखेर आमच्यासारख्या घरच्या घरी चित्रकथा छापणाऱ्यांचा मेळा भरतोय, तिथे आम्हाला एक टेबल मिळालंय. काही पानांच्या प्रती सोबत पाठवते.

गोष्ट बाबांची आहे. ते गेले तेव्हा मी तीन वर्षांची, म्हणून विचारून विचारून काढतेय. पण घरात त्यांचा एकच फोटो, तोही समोरून. चित्रकथेत माणूस चौकटीचौकटीत हलतो, बसतो, निघून जातो. बाबा हसायचे कसे, चहा कसा प्यायचे, मागून कसे दिसायचे? आई म्हणते, आत्याला विचार, तिनंच त्याला चालायला शिकवलं. तू सांगितलं नाहीस तर माझी सहा पानं कोरी राहणार बघ.

तुझी,
दीपमाला

सायखेडा, १७ सप्टेंबर

चि. दीपमालास सुलाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझी पानं पाहिली. आधी मी वरून खाली वाचत गेले, तर सावळीराम नाशिकला पोचला आणि मग एसटीत बसला. शेजारची भागीबाई म्हणाली, आडवं वाचायचं असतं. तिला कुठून कळलं देव जाणे. मग मात्र दोघींनी जेवणं सोडून वाचलं. सायखेड्याच्या साध्या माणसाची गोष्ट पुण्यातली माणसं का घेतील, हे काही तिला समजत नाही. मलाही नाही. आणि रात्र दाखवायला एवढं काळं करतेस ते बोटाने की ब्रशने, ते कळव.

आता तुझे प्रश्न. हसताना तो तोंडावर हात धरायचा, कारण विटीदांडूत पुढचा दात अर्धा तुटला होता. फोटोत तोंड मिटलंय ते त्यामुळेच. चहा बशीत ओतून, तीही दोन्ही हातांनी धरून. आनंद झाला की कान हलवायचा, खोटं वाटेल तुला. दसऱ्याचा झेंडू यंदा बरा आहे. आता तोडणीला हात लागतील, जास्त लिहीत नाही.

लोभ आहेच,
सुलाआत्या

नाशिक, २५ सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

चित्रात तुटका दात काढला आणि आत्या, फोटोतला अनोळखी माणूस एकदम बाबा झाला! आई ते पान स्वयंपाकघरात घेऊन गेली ते संध्याकाळी परत दिलं. काळं ब्रशने करते, बोटं आपोआप होतात.

पण पाठीचं तू लिहिलंच नाहीस. आठवत नाही असं म्हणू नकोस, कोणती गाय कोणत्या साली व्याली तेसुद्धा तू सांगतेस. योगेश म्हणाला, माझी पाठ काढ. तो उभा राहिला, मी काढली, तो योगेशच दिसतो. काकांनी कालच पहिल्या पत्रिकेची ऑर्डर घेतली. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
दीपमाला

सायखेडा, ९ ऑक्टोबर

चि. दीपमालास आशीर्वाद.

विसरले नव्हते, टाळत होते. आता लिहूनच टाकते.

बांधावरून आम्ही नेहमी एकामागे एक चालायचो. मी मोठी, म्हणून पुढे. खांद्यावर भरलेली पाटी घेऊन तो मागे. जन्मभर त्याने माझी पाठ पाहिली, मी त्याची नाही. पाहिली ती एकदाच.

त्या दिवशी तू आणि तुझी आई प्रतिभा पेठला तुझ्या आजोळी होतात. त्याने सांगितलं की सिन्नरच्या कंपनीत नोकरी धरतो, शेत तू एकटी बघ. मला फार राग आला. म्हणाले, जायचं तर जा, पण माघारी पाय ठेवू नकोस. तो निघाला. मी दारात उभी होते. पाटी वाहून डावा खांदा उतरलेला. कॉलर मागून आत दुमडलेली. मला वाटलं, हाक मारावी, कॉलर नीट करावी. नाही मारली. तो हळूहळू चालत होता, बाई. एवढा हळू तो कधी चालला नव्हता. संध्याकाळी सिन्नरच्या रस्त्यावर तो बसला होता ती जीप उलटली.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुला चित्रासाठी हवं होतं म्हणून सांगितलं. आता माझा राग आला तरी हरकत नाही.

आत्या

नाशिक, १९ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

राग नाही. पत्र वाचून आधी रडले, मग काढायला बसले, दुसरं काही सुचेना. पान सोबत आहे. तू दारात, ते वाटेवर. आमच्याकडे बोलणं फुग्यात लिहितात. तुझ्या डोक्यावर एक फुगा काढून रिकामा ठेवलाय. चित्रकथेत मला हाक घालता येते, बाबांना वळवताही येतं. घालू का? तू नको म्हणालीस तर पानच छापणार नाही. पुस्तक राहिलं तरी चालेल. दिवाळीनंतर पाच दिवस काका थांबतील.

तुझीच,
दीपमाला

सायखेडा, २४ ऑक्टोबर

चि. दीपमालास खूप खूप आशीर्वाद.

पान छाप. फुगा पुसून टाक. मी हाक मारली नव्हती, आणि हाक नसताना तो वळेल कशाला? जे झालं तेच पुण्याच्या लोकांनी वाचावं.

खांदा बरोबर आलाय. कॉलरही. भाऊबीजेला पान भिंतीला टेकवून ठेवलं आणि बघत बसले. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, किती मोठ्याने ओरडले कोण जाणे. भागीबाई हातातलं टाकून धावत आली, विचारू लागली, कुणाला एवढ्या हाका मारतेस. मी म्हटलं, सावळ्याला.

मग आम्ही दोघी तिथेच बसलो.

तुझी,
सुलाआत्या